४१६४१६४१६४१६ आणि त्यातला दुसरा तेरा

प्रश्न कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेच्या गणिताच्या मॅडमचा आहे. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाला वर्गात तक्ता लावायचाय. मुलांनी कोल्हापूरच्या पिनकोडचे पहिले तीन अंक, म्हणजे ४१६, सलग चार वेळा लिहून ४१६४१६४१६४१६ ही संख्या तयार केली. आता चार अडचणी आहेत. एका मुलाने विभाजक १९२ काढले, दुसरीने २८८, खरे किती? हाताने अवयव पाडायची रीत कोणती? एक्सेलमध्ये ४.१६४१६ई+११ असं काहीतरी दिसतं आणि एका मुलाच्या सी प्रोग्रॅममध्ये तर चक्क उणे १९५४११२९६ आलं, ते का? आणि पाच वेळा लिहिलं तर संख्या आणखी 'भारी' होईल का?

मॅडम, २८८ बरोबर आहे. १९२ वाल्या मुलाची चूक मात्र तक्त्यावर घेण्यासारखी आहे, कारण या संख्येतली सगळी गंमत त्या एका चुकीच्या आसपास फिरते.

आधी संख्या लिहायची कशी ते. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ४,१६,४१,६४,१६,४१६ होतं आणि ४१६ ची पुनरावृत्ती पार दिसेनाशी होते. तक्त्यावर ती तीन-तीनच्या गटांत लिहा: ४१६ ४१६ ४१६ ४१६. वाचताना 'एक्केचाळीस हजार सहाशे एक्केचाळीस कोटी चौसष्ट लाख सोळा हजार चारशे सोळा' म्हणावं. खर्व वापरू नये. भास्कराचार्यांच्या लीलावतीत खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं. आज बरेचजण शंभर अब्ज, म्हणजे एकावर अकरा शून्यं, असा अर्थ घेतात. उगाच वाद नको.

आता अवयव. पहिला मोह सरळ भागत सुटायचा असतो. दोनने भाग जातो तितका घालवला की पाच वेळा जातो आणि उरतं १३०१३०१३०१३. पाचच वेळा जाणार हे आधीही कळतं: शेवटचे सहा अंक ४१६४१६, त्याला ३२ ने भागलं तर १३०१३ येतात, आणि १३०१३ विषम. म्हणून ३२ ने भाग जातो, ६४ ने जात नाही.

पण १३०१३०१३०१३ चं वर्गमूळ १ लाख १४ हजारांच्या पुढे आहे. आतली रचना न बघता एकेक मूळ संख्या तपासायची ठरवली, तर कागदोपत्री दहा हजारांहून जास्त मूळ संख्या समोर उभ्या राहतात. तेवढं करायला लागत नाही, कारण ही संख्या मुळात गुणाकार आहे:

४१६४१६४१६४१६ = ४१६ × १००१००१००१

यातला ४१६ हा आपला, आणि १००१००१००१ हा साचा. साचा कुठल्याही तीन अंकी संख्येसाठी तोच राहतो. पुण्याचे ४११ घ्या, साताऱ्याचे ४१५ घ्या, चार वेळा लिहिलं की १००१००१००१ ने गुणलेलंच असतं. म्हणून दोन्ही भाग वेगवेगळे फोडायचे.

४१६ सोपं: ३२ × १३.

साच्याचेही दोन तुकडे पडतात: १००१ × १००००००१ नव्हे, १००१ × १०००००१. शून्यं मोजून लिहा, इथे हमखास एक शून्य जास्त पडतं. दहा लाख आणि एक, म्हणजे एक आणि एक यांच्या मध्ये पाच शून्यं. पडताळा: १००१ × १०,००,००० = १००१००००००, त्यात १००१ मिळवले की १००१००१००१.

१००१ = ७ × ११ × १३ हे पाठच असावं.

१०००००१ मात्र फसवी दिसते. सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, काहीच लागू पडत नाही, आणि मुलं 'ही मूळ आहे' म्हणून मोकळी होतात. तेरानंतर एकेक करत गेलात तर विसाव्या प्रयत्नाला, म्हणजे १०१ ला, भाग जातो. त्याहून चांगला रस्ता आठवी-नववीच्या बीजगणितात आहे. दहा लाख म्हणजे १०० चा घन. म्हणून १०००००१ म्हणजे दोन घनांची बेरीज: १०० चा घन अधिक १ चा घन. अ घन अधिक ब घन हे नित्य सूत्र लावलं की

१०००००१ = (१०० + १) × (१०००० − १०० + १) = १०१ × ९९०१

फळ्यावर सूत्र आणि संख्या शेजारी शेजारी लिहा. घनांच्या बेरजेचं सूत्र कशाला पाठ करायचं, या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

१०१ मूळ आहे. ९९०१? वर्गमूळ ९९.५ च्या आसपास, म्हणजे ९७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. त्या २५ आहेत, पण पाचांतच काम भागतं. समजा प ही मूळ संख्या ९९०१ ला भागते. मग ती १०००००१ लाही भागते, म्हणजे दहाच्या सहाव्या घाताला प ने भागल्यावर बाकी उणे एक राहते आणि बाराव्या घाताला एक. दहाचा घात वाढवत गेल्यावर बाकी पहिल्यांदा एक येते ती चौथ्या किंवा बाराव्या घाताला, यापेक्षा वेगळं होऊ शकत नाही. चौथ्याला येत असेल तर १०० ची बाकी उणे एक असते. ती १०००० − १०० + १ मध्ये घातली की ३ मिळतात, म्हणजे प फक्त ३ असू शकते. पण ९९०१ च्या अंकांची बेरीज १९, तीनने भाग जात नाही. उरला बारावा घात, आणि तेव्हा प मधून एक वजा केल्यावर १२ ने भाग गेलाच पाहिजे. ९७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त १३, ३७, ६१, ७३ आणि ९७. ९९०१ ला यांनी भागलं तर बाकी अनुक्रमे ८, २२, १९, ४६ आणि ७. एकही शून्य नाही, म्हणून ९९०१ मूळ. नववीच्या वर्गात हा युक्तिवाद जड वाटला तर पंचवीसही भागाकार करून घ्या, एका तासिकेत होतात.

सगळं जोडलं की:

४१६४१६४१६४१६ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३ × १०१ × ९९०१

इथे तेरा दोनदा आहे. एक ४१६ मधून आला, दुसरा १००१ मधून. १९२ वाल्या मुलाने बहुतेक १३ ने एकदा भाग घालवला, खूण केली आणि पुढच्या मूळ संख्येकडे गेला. ही चूक मोठ्या संख्येत नेहमी होते, कारण आपण 'तेराने भाग जातो का?' एवढंच विचारतो, 'किती वेळा जातो?' हे विचारायचं राहून जातं. दोनच्या बाबतीत कोणी विसरत नाही, तेराच्या बाबतीत सगळे विसरतात. भागाकार पायरीने मांडला तर लपायला जागा उरत नाही:

१३०१३०१३०१३ ÷ ७ = १८५९००१८५९
१८५९००१८५९ ÷ ११ = १६९०००१६९
१६९०००१६९ ÷ १३ = १३००००१३
१३००००१३ ÷ १३ = १०००००१

तिसऱ्या ओळीतच १६९ डोळ्यांसमोर येतात. १३ चा वर्ग पाठ असलेल्या मुलाला तिथेच शंका यायला हवी.

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक एकने वाढवून गुणायचा: २ चा घातांक ५ म्हणून ६, १३ चा २ म्हणून ३, आणि ७, ११, १०१, ९९०१ यांचे प्रत्येकी २. म्हणजे ६ × ३ × २ × २ × २ × २ = २८८. तेरा एकदाच धरला की तिनाच्या जागी दोन येतात आणि १९२ मिळतात.

तक्त्यावर २८८ च्या २८८ विभाजक लिहायचे असतील तर आडवेतिडवे गोळा करू नका, एखादा सुटतोच. आधी २ आणि १३ पासून होणारे अठरा तीन ओळींत लिहा:

१, २, ४, ८, १६, ३२
१३, २६, ५२, १०४, २०८, ४१६
१६९, ३३८, ६७६, १३५२, २७०४, ५४०८

मग उरलेल्या चार मूळ संख्यांचे सोळा गुणाकार: १, ७, ११, ७७, १०१, ७०७, ११११, ७७७७, ९९०१, ६९३०७, १०८९११, ७६२३७७, १०००००१, ७०००००७, ११००००११, ७७००००७७. या सोळांतल्या प्रत्येकाने वरचा पूर्ण चौकोन गुणायचा. एका गटाला एक गुणक दिला तर सोळा गट, प्रत्येकाकडे अठरा गुणाकार. वर्गातल्या मुलांची विभागणीही होऊन जाते.

अवयव बरोबर आहेत का याची झटपट तपासणी अंकांच्या बेरजेने होते. संख्येच्या अंकांची बेरीज ४४, पुन्हा बेरीज ८. उजवीकडे ३२ चे ५, ७ चे ७, ११ चे २, १६९ चे ७, १०१ चे २, ९९०१ चे १. गुणत आणि बेरीज घेत गेलं की शेवटी ८ च येतात. पण ही चाळणी ढोबळ आहे, अंकांची अदलाबदल तिच्यातून सुटते. म्हणून ३७ ची दुसरी चाळणी लावा. ९९९ ला ३७ ने भाग जातो, त्यामुळे तीन-तीन अंकांचे गट नुसते मिळवायचे: ४१६ चार वेळा म्हणजे १६६४, त्याला ३७ ने भागून बाकी ३६. अवयवांचा गुणाकार ३७ च्या बाक्यांनी केला तरी ३६ च येतात: २, २२, १८, ५, ३६ अशा पायऱ्या पडतात. अकराची चाळणी इथे कुचकामी, कारण अकरा हा स्वतःच अवयव आहे.

आता आजूबाजूच्या गावांशी तुलना, मुलं ती विचारणारच. पुण्याचे ४११ = ३ × १३७, म्हणून ४११४११४११४११ ला १२८ विभाजक. साताऱ्याचे ४१५ = ५ × ८३, तेही १२८. सोलापूरचे ४१३ = ७ × ५९; इथे सात साच्यातल्या साताला जाऊन मिळतो, त्यामुळे मूळ संख्याच कमी पडतात आणि विभाजक ९६ वर येतात. कोल्हापूर २८८. कॉलर ताठ करण्याआधी मुंबईचे ४०० बघून घ्या: दोनाचे चार घात, पाचाचे दोन, एकूण ४८० विभाजक. तिथे आपलं काही चालत नाही.

या सगळ्या संख्यांमध्ये ७, ११, १३, १०१ आणि ९९०१ साच्यातूनच येतात. आपल्या संख्येत खास कोल्हापूरचं म्हणावं असं काय, तर बत्तीस आणि दुसरा तेरा. बाकीचं श्रेय कुठलाही पिन घेईल.

दुसऱ्या तेराचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो तो १ ला या संख्येने भागल्यावर. मूळ अवयवांत २ आहे, ५ नाही, आणि २ चा घातांक पाच. म्हणून दशांशचिन्हानंतरचे पहिले पाच अंक आवर्तनाबाहेर राहतात. त्यापुढे आवर्तन सुरू होतं. त्याची लांबी म्हणजे प्रत्येक अवयवाच्या आवर्तनाचा लसावि: ७ चं आवर्तन ६ अंकी, ११ चं २, १०१ चं ४, ९९०१ चं १२, आणि १३ चं ६. तेरा एकदाच असता तर लसावि १२ वर थांबला असता. पण १६९ चं आवर्तन ६ नाही. ९९९९९९ ला १३ ने भागलं की ७६९२३ येतात, आणि ७६९२३ ला पुन्हा १३ ने भाग जात नाही; म्हणून १६९ साठी आवर्तन तेरापट, ७८ अंकी होतं. आता ७८ आणि १२ चा लसावि १५६. म्हणजे त्या एका तेरामुळे आवर्तन १२ अंकांवरून १५६ अंकांवर गेलं.

पूर्ण वर्ग आहे का? नाही, आणि हे वर्गमूळ न काढताही सांगता येतं. पूर्ण वर्गाच्या अंकांची बेरीज करत गेलं की १, ४, ७ किंवा ९ यांपैकीच एक उरतो, इथे ८ उरले. (घनाला ८ चालतात, म्हणून घन नाही हे या कसोटीने सिद्ध होत नाही, त्यासाठी घातांक बघायचे. एकही घातांक तीनच्या पटीत नाही.) ही संख्या ६४५३०३ च्या वर्गापेक्षा ४५४६०७ ने मोठी आणि ६४५३०४ च्या वर्गापेक्षा ८३६००० ने लहान आहे.

मग कशाने गुणलं की पूर्ण वर्ग होईल? ज्यांचे घातांक विषम त्यांना एकेकदा घ्यायचं: २ × ७ × ११ × १०१ × ९९०१ = १५४०००१५४. तेरा घ्यायचा नाही, तो आधीच जोडीने आहे. उत्तर तक्त्याच्या मधोमध लिहावं असं आहे:

४१६४१६४१६४१६ × १५४०००१५४ = ८००८००८००८ × ८००८००८००८ = ६४१२८१९२२५६१९२१२८०६४

उजवीकडची संख्या तीन-तीनच्या गटांत वाचा: ६४, १२८, १९२, २५६, १९२, १२८, ०६४. चौसष्टचा पाढा चारपर्यंत चढतो आणि तसाच उतरतो. १००१००१००१ चा वर्ग १ ००२ ००३ ००४ ००३ ००२ ००१ असा असतो, त्याला ६४ ने गुणलेलं आहे, एवढंच.

सांगलीकडचा एखादा मुलगा वर्गात असेल तर तो बोट वर करून सांगेलच: ४१६ दोन वेळा लिहिलं की ४१६४१६, आणि तो सांगली शहराचा पिन. खरं आहे. आपली संख्या म्हणजे सांगलीचा पिन गुणिले १०००००१. म्हणून हर्षद संख्येचा मुद्दा त्याच्यासाठी राखून ठेवा. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या; हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. ४१६ ची बेरीज ११, भाग जात नाही, म्हणजे एकटा ४१६ हर्षद नाही. ४१६४१६ ची बेरीज २२, भागाकार १८९२८, हर्षद. चार वेळा लिहिल्यावर बेरीज ४४, भागाकार ९४६४००९४६४, पुन्हा हर्षद. कारण उघड आहे: बेरजेतला अकरा भागायला संख्येत अकरा लागतो, आणि तो १००१ मधून येतो.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची: दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. आपली संख्या स्वयंभू नाही. ४१६४१६४१६३६७ च्या अंकांची बेरीज ४९, आणि ४१६४१६४१६३६७ + ४९ = ४१६४१६४१६४१६. शोधायची रीत अशी: मिळवायची बेरीज नऊने भागल्यावर बाकी ४ राहील अशीच असावी लागते, म्हणून फक्त ४, १३, २२, ३१, ४०, ४९, ५८ वजा करून बघायचे. ४९ ला जुळतं, बाकी कशाला जुळत नाही.

काही गोष्टी पटकन. सर्व विभाजकांची बेरीज ६३ × ८ × १२ × १८३ × १०२ × ९९०२ = १११७८५६२६७१३६, म्हणजे संख्येच्या साधारण २.६८ पट. संख्या स्वतः वगळली तरी बेरीज तिच्याहून मोठीच राहते, त्यामुळे ही परिपूर्ण संख्या नाही. तिच्याशी सहमूळ असलेल्या, तिच्याहून लहान संख्या १४,८२६ कोटी २४ लाख. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, कारण ७ आणि ११ या चारने भागून ३ बाकी ठेवणाऱ्या मूळ संख्या विषम घातांकाने आल्या आहेत. दोघांपैकी एकही पुरेशी होती. सलग धन पूर्णांकांची बेरीज म्हणून ४७ प्रकारे लिहिता येते, विषम विभाजक ४८ असल्यामुळे. सगळ्यात सोपा नमुना सात संख्यांचा, ५९४८८०५९४८५ पासून ५९४८८०५९४९१ पर्यंत. सातने भाग जातो म्हणून आणखी एक: आज अंबाबाईचा शुक्रवार असेल, तर बरोबर इतक्या दिवसांनी पुन्हा शुक्रवारच.

दोन वर्गांची वजाबाकी मात्र ९६ प्रकारे होते. त्यासाठी संख्या दोन सम अवयवांत मांडायची. त्यांच्या बेरजेचं निम्मं हा एक आकडा, वजाबाकीचं निम्मं हा दुसरा. सगळ्यात जवळची जोडी ५५४४५६ × ७५१०३६, त्यावरून

६५२७४६ चा वर्ग − ९८२९० चा वर्ग = ४१६४१६४१६४१६

वर्गमूळापासून वर एकेक पाऊल टाकत अवयव शोधायची फर्माची रीत मुलांना शिकवली असेल, तर ती इथे का चालत नाही हेही दाखवता येतं. सुरुवात ६४५३०४ ला आणि यश ६५२७४६ ला, म्हणजे ७४४२ पावलं. अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतील तरच ती रीत हाताने परवडते.

२८८ म्हणजे खूप का? दिवस रामानुजनच्या जयंतीचा आहे, तर मोजपट्टी त्याचीच घ्या. स्वतःहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा त्याने १९१५ च्या निबंधात अभ्यास केला आणि मोठी यादी दिली. त्या यादीतून जी एक संख्या सुटली ती २९३३१८६२५६००. ती आपल्या संख्येहून लहान आहे आणि तिचे विभाजक ५०४०. दोनाचे सहा घात, तीनाचे चार, पाच आणि सात प्रत्येकी दोनदा, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. आपल्याकडे तीन नाही, पाच नाही, आणि संख्येचा बराचसा आकार एकट्या ९९०१ ने खाल्ला आहे. त्याच जागेत लहान मूळ संख्या किती बसल्या असत्या याचा हिशोब मुलांना करायला द्या.

आता संगणकाचं. एक्सेलच्या साध्या मांडणीत अकरा अंकांपर्यंतची संख्या पूर्ण दिसते, बारा अंकी आली की ती ४.१६४१६ई+११ अशी आखडते. किंमत बिघडलेली नसते. सेलची मांडणी 'नंबर' करून दशांशस्थळं शून्य ठेवली की सगळे अंक दिसतात. खरा धोका पुढे आहे: एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक. वरचा वीस अंकी वर्ग त्यात काढलात तर ६४१२८१९२२५६१९२१००००० दिसेल आणि शेवटचे २८०६४ गायब होतील. कोणी तसंच तक्त्यावर उतरवू नये. तो गुणाकार कागदावर करा, किंवा पायथॉनमध्ये, तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही.

प्रोग्रॅममधला उणे आकडा वेगळ्या कारणाने आला. ४१६ आणि १००१००१००१ दोन्ही 'इंट'मध्ये आरामात बसतात, पण गुणाकाराला ३९ बिट लागतात आणि इंटमध्ये असतात ३२. वरचे बिट सांडतात. ४१६४१६४१६४१६ मधून ४२९४९६७२९६ हे ९६ वेळा गेले की ४०९९५५६००० उरतात; ते २१४७४८३६४७ च्या वर असल्यामुळे संगणक त्यांना उणे समजतो, आणि आणखी एकदा ४२९४९६७२९६ वजा करून −१९५४११२९६ दाखवतो. मुलाचं तर्कशास्त्र बरोबर होतं, डबा लहान होता. 'लाँग लाँग' वापरायला सांगा, पण नुसतं उत्तर ठेवायचं चल बदलून भागणार नाही. गुणाकार करण्याआधी दोनपैकी एक तरी संख्या लाँग लाँग असायला हवी, नाहीतर सांडलेलंच मोठ्या डब्यात ओतलं जातं.

शेवटचा प्रश्न, पाच वेळा लिहिलं तर. साचा बदलतो: १००१००१००१००१ = ३१ × ४१ × २७१ × २९०६१६१. गटांची संख्या विषम झाली की ७ आणि ११ निघून जातात, आणि साच्यातला तेराही. उरतो फक्त ४१६ मधला. विभाजक ६ × २ × २ × २ × २ × २ = १९२. योगायोगाने तुमच्या विद्यार्थ्याने काढलेला आकडाच, पण इथे तो बरोबर. अंकांची बेरीज ५५, संख्या पाचने भागली जात नाही, म्हणून हर्षदही नाही. सहा वेळा लिहिलं की ७, ११ आणि दुसरा तेरा परत येतात, शिवाय ३ सुद्धा येतो. पण ती संख्या अठरा अंकी, एक्सेलमध्ये टाकलीत तर ४१६४१६४१६४१६४१६००० दिसेल.